जिनिंगमधून दिसलेलं धुळं

दुसऱ्याच्या कीबोर्डची मला किळस येते. आजही येते. मुलाच्या कॉम्प्युटरला हात लावायचा झाला तरी मी आधी खिशातला रुमाल काढतो, आणि तो म्हणतो, बाबा, तुम्ही डॉक्टर व्हायला हवं होतं. डॉक्टर होण्याइतकी अक्कल असती तर पुढे सांगतोय ते घडलंच नसतं.

ही किळस मला धंद्याने दिली. नव्वदीचं दशक संपत आलं तेव्हा मी जळगावात कॉम्प्युटरचे प्रोग्राम लिहून विकायचो. विकायचो म्हणजे एसटीने दारोदार फिरायचो. दुकान नव्हतं. घरी जो कॉम्प्युटर होता तो चैत्र लागला की दुपारी तापून मान टाकायचा. माझं सगळं भांडवल एका रेक्झिनच्या पिशवीत मावायचं. त्यात एक मोडेम, त्याची वायर, आणि साबणाच्या डबीत ठेवलेली एक फ्लॉपी.

त्या फ्लॉपीवर एक छोटा प्रोग्राम होता. तो काय करायचा ते नीट सांगून ठेवतो. गिऱ्हाइकाने आपल्या कॉम्प्युटरला मोडेम आणि टेलिफोनची लाइन जोडून तो चालू ठेवला, की मी दुसऱ्या गावाहून त्या नंबरला फोन लावायचो. मग त्याच्या पडद्यावर जे असेल ते माझ्यासमोरच्या पडद्यावर उमटायचं. मी इथे बटण दाबलं की ते तिथे दाबलं जायचं. आणि यासाठी माझ्यासमोरचा कॉम्प्युटर माझा असायला लागत नसे, कुणाचाही चालायचा. त्यात काही भरावं लागत नसे. फ्लॉपी आत सारायची, प्रोग्राम फ्लॉपीवरूनच चालायचा, काम झालं की काढून घ्यायची. त्या कॉम्प्युटरच्या मालकाला वाटायचं, पाहुणा आला, टाइप करून गेला.

मला त्याचा भलताच गर्व होता. लोक पोटावर पिशवी बांधून पैसे सांभाळतात तशी मी ती साबणाची डबी शर्टाच्या खिशात सांभाळायचो. बायको म्हणायची, कुणाला वाटेल माणूस अंघोळीला निघालाय.

पण दुसऱ्यांचे कॉम्प्युटर! भुसावळला एका ट्रान्सपोर्टवाल्याकडे केळीच्या गाड्यांचा हिशोब कॉम्प्युटरवर होता, आणि त्याच्या कीबोर्डवर केळीच्या चिकाचे डाग होते. हा चीक कपड्यावर पडला तर जन्मात जात नाही. तिथे 'एन्टर'चं बटण दाबलं की बोट उचलताना चर्र असा आवाज यायचा. एकाकडे फ्लॉपी घालायच्या फटीत दसऱ्याच्या पूजेच्या अक्षता अडकल्या होत्या, आणि पडद्याला लावलेलं कुंकू दिवाळीपर्यंत हातांच्या घामाने ओघळत होतं. फ्लॉपी बाहेर काढली तेव्हा लाल होती. टेलिफोनचे रिसीव्हर तर विचारू नका. तंबाखू, लसूण, आणि ज्याने शेवटचा फोन केला त्याची थुंकी. मी रिसीव्हर कानापासून चार बोटं लांब धरायचो, त्यामुळे ऑपरेटर काय बोलते ते ऐकू यायचं नाही, आणि लोकांना वाटायचं मी बहिरा आहे.

धुळ्याला मात्र एक जागा होती जिथे गेलं की हात धुवावेसे वाटत नसत. एका डॉक्टरांची रक्त-लघवी तपासायची लॅब. फरशी फिनाईलने पुसलेली, कीबोर्डवर स्वच्छ कापड झाकलेलं. तिथला रिपोर्ट छापायचा प्रोग्राम मी लिहून दिला होता. जळगावहून धुळं म्हणजे एरंडोल, पारोळा करत एसटीचे तीन तास, त्यामुळे डॉक्टरांनीच तोड काढली होती. लॅब दुपारी एक ते चार बंद असायची. त्या वेळात ते कॉम्प्युटर आणि मोडेम चालू ठेवून, नुसता पडदा बंद करून घरी जायचे. काही बिघडलं असेल तर मी जिथे असेन तिथून फोन लावून दुरुस्त करायचो. डॉक्टरांनी मला पासवर्ड एका चिठ्ठीवर लिहून दिला होता आणि म्हणाले होते, पाठ झाला की फाडून टाका. मी त्यांच्यासमोरच फाडली. किती बरं वाटलं होतं मला. विश्वास ठेवण्यासारखा माणूस, असं मीच माझ्याबद्दल मनात म्हटलं होतं.

आता जामनेर. माझी थोरली बहीण, अक्का, तिथे दिलेली. तिच्या सासऱ्यांना सगळं गाव आबा म्हणायचं. आबांची केळी, कापूस, आणि भागीदारीतलं एक जिनिंग, म्हणजे कापसातून सरकी काढून रुई करायचा कारखाना. भाऊजी म्हणजे अक्काचे यजमान कमी बोलायचे, त्यांच्या वाटचंही आबाच बोलायचे. आणि अक्काची मुलगी, माझी भाची, बी.एस्सी. करून तिथल्याच शाळेत गणित शिकवायची. तिच्यासाठी धुळ्याचं स्थळ आलं होतं. मुलगा तिथे कॉलेजात शिकवायचा, वडील नव्हते, चुलता पाहणीला घेऊन आला होता. मुलगा शांत, उंच, चहा बिनसाखरेचा घेणारा. ते बिनसाखरेचं अक्काला फार शहरी वाटलं होतं. मुलामुलीला दहा मिनिटं मागच्या अंगणात बोलायला दिलं होतं, आणि आत आल्यावर भाची नेहमीपेक्षा कमी लाजत होती. सगळ्यांना पसंत. सुपारी फोडायची तेवढी बाकी, आणि त्याआधी आबांची चौकशी.

आमच्याकडे सोयरीक करायची तर चौकशी करतात, आणि चौकशी म्हणजे नुसतं विचारणं नाही. मुलाकडच्या गावी कुणी नात्यातलं पाठवायचं. त्याने गुरं पाहायला आलोय असं म्हणायचं, शेजारच्या घरी पाणी मागायचं, आणि मुलाचा बाप दारू पितो का, आजीला कोड होतं का, हे सगळं अंगणात उभ्या उभ्या काढून आणायचं. आबा या कामात पटाईत. त्यांनी आयुष्यात वीसेक सोयरिकी जमवल्या आणि तितक्याच मोडल्या असतील.

मी जामनेरला गेलो होतो ते जिनिंगच्या कॉम्प्युटरवर काही काम होतं म्हणून. कापसाचा हंगाम होता, अंगणात रुईचे ढीग, हवेत तंतू उडत होते. दुपारी ऑफिसात मी, आबा, भाऊजी, जिनिंगचे दिवाणजी, आणि कापूस घेऊन आलेला एक दलाल बसलो होतो. दलालाचं काम झालं होतं पण चहा यायचा होता. आबांनी माझ्या खिशाकडे बघून नेहमीसारखं सुरू केलं.

"काय पाव्हणे, दुकान खिशातच हाये का अजून?"

दिवाणजी हसले. दलालाने विचारलं, कसलं दुकान? आबा म्हणाले, अक्काचा भाऊ, शिकला लय, पण धंदा साबणाच्या डबीत मावतो. पुन्हा सगळे हसले. मीही हसलो. पण आत काहीतरी लागलं. तो दलालही हसला याचंच मला जास्त लागलं.

म्हणून मी सांगितलं. म्हटलं, आबा, ही डबी तुम्हाला साधी वाटते, पण या खुर्चीत बसून मी धुळ्याच्या लॅबमधला कॉम्प्युटर चालवतो. तिथल्या माणसाला कळतही नाही. आबा म्हणाले, चाल, काहीबी. मी म्हटलं, खरंच. मग मोडेम, फोन, पडदा सगळं समजावून सांगितलं. आबांनी ऐकून घेतलं. त्यांनी विडा लावला आणि तोंडात टाकला. मग म्हणाले, "धुळ्याचा पोरगा कुठं तपासून घेत असंल हो?"

मला तेव्हाच उठायला हवं होतं. तेव्हा उठलो असतो तर हे लिहायला बसलो नसतो. पण मी म्हटलं, धुळ्यात अशा लॅब किती, त्यातल्या त्यात चांगली हीच. आणि मुलाने कशाला तपासलं असेल, तरुण मुलगा. आबा म्हणाले, मग पाहून घ्या ना एकदा, हाये का नाही एवढंच. नसंल तर चांगलंच हाये. भाऊजी पहिल्यांदा बोलले. "दुसऱ्याच्या घरचं कशाला," म्हणाले. आबांनी त्यांच्याकडे पाहिलंही नाही. दलाल खुर्ची ओढून पुढे सरकला.

मी स्वतःला समजावलं ते असं, की नुसतं नाव आहे का एवढंच बघायचं. नसलं तर आबांच्या मनातली शंका जाईल, उलट भाचीचंच काम होईल. माणसाला घाण काम करायचं असलं की त्याच्या तोंडून किती स्वच्छ वाक्यं निघतात.

कीबोर्डवर रुईचा थर होता. मी रुमालाने पुसला. फ्लॉपीच्या फटीत फुंकर मारली तर आतून कापसाचा पिंजलेला पुंजका बाहेर आला आणि माझ्याच तोंडात गेला. जिनिंगचा फोन काढून त्याची वायर मोडेमला लावली. मोडेमने ओरडायला सुरुवात केली, दलाल म्हणाला, मांजर कापू राहिले का कुठं. तिसऱ्यांदा लाइन लागली. दुपारचे दोन वाजले होते. धुळ्यात डॉक्टर घरी जेवत असतील.

लाइन इतकी मंद असायची की पडदा एकदम यायचा नाही. वरून एकेक ओळ उतरायची. पासवर्ड दिला. शोधायच्या जागी मुलाचं आडनाव टाकलं. तेवढ्या वेळात चहा आला, आणि चहावालाही बशी हातात धरून तिथेच उभा राहिला.

एक ओळ आली. मग दुसरी. मग खाली खाली उतरत पानभर ओळी आल्या, सगळ्यांपुढे तेच नाव, तेच वय. दर महिन्याला एक. मी तिथे थांबणार होतो, शपथ घेऊन सांगतो. बोट मात्र आपोआप पुढे गेलं.

"वरचा उघडा," आबा म्हणाले.

उघडला. रक्ताचं पुढे यायचं होतं, आधी लघवीचं आलं. ओळ ओळ उतरत होती आणि दलाल मोठ्याने वाचत होता. रंग, फिकट पिवळा. वास, काही नाही. दिवाणजी हसले. सहा दिवसांपूर्वी जो माणूस आबांच्या ओसरीवर पाय जुळवून बसला होता, ज्याला माझ्या बहिणीने पोहे दिले होते, त्याच्या लघवीचा रंग जामनेरच्या जिनिंगमध्ये एक दलाल वाचत होता. आणि चहावाला ऐकत होता. मला तेव्हा किळस आली का? आली. पण दलालाची आली. माझी नंतर आली.

मग साखर आली. लघवीत, आणि त्याखाली रक्तात, उपाशीपोटी आणि जेवणानंतर. मला त्या आकड्यांचा अर्थ कळत नव्हता. मी प्रोग्राम लिहिला होता, आकडे वाचायला शिकलो नव्हतो. दलालाला कळत होता. "ही तं साखरेची बिमारी हाये," तो म्हणाला, "माझ्या बाईले हाये ना. पण एवढी तिची बी नाही. हा सुईवर हाये, लिहून घ्या."

चहावाल्याने बशा उचलल्या. आबांनी डोक्यावरची टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली. मला म्हणाले, "पाव्हणे, काम केलं तुम्ही." गेल्या कैक वर्षांत आबांनी माझं कौतुक केलं ते एवढंच.

मी फ्लॉपी काढली. तिच्यावर रुई चिकटली होती. पुसून डबीत ठेवली. जिनिंगच्या नळावर हात धुतले. मग पुन्हा धुतले.

सोयरीक मोडायची तर आमच्याकडे खरं कारण कुणी सांगत नाही. पत्रिका जुळत नाही, असा निरोप जातो. समोरचाही समजून घेतो, जास्त विचारत नाही, आणि दोन्ही घरं पुढे एकमेकांच्या लग्नात जेवायला मोकळी राहतात. शहाणपणाची पद्धत आहे. आबांनी त्याच दिवशी मध्यस्थाकरवी तोच निरोप धाडला. मुलाच्या चुलत्याने पहिल्याच भेटीत सांगितलं होतं की आमच्या घरी पत्रिका पाहत नाहीत, आणि आबांनी हो, हो, आम्हीही नाही, म्हणून मान डोलावली होती. पत्रिकांची देवाणघेवाण झालीच नव्हती. हे आबा विसरले. मी पण विसरलो. घरात एकाही माणसाच्या लक्षात आलं नाही की न पाहिलेली पत्रिका जुळत नाही असं आपण कळवतोय.

आठ-दहा दिवसांनी भाची जळगावला माझ्या घरी आली. शाळेचा दिवस होता, रजा टाकून आली होती. पाणी दिलं तर घेतलं नाही. पर्समधून एक पत्र काढून माझ्यापुढे ठेवलं. शाळेच्या पत्त्यावर आलेलं, चार ओळींचं. धुळ्याच्या मुलाचं. लिहिलं होतं की तुम्ही घरी सांगायला आठ दिवस मागितले होते, मी दिले होते. सांगणं जमलं नसेल तर मला तसं कळवायचं होतं. पत्रिकेचं कारण तुम्हाला शोभलं नाही.

माझ्या डोक्यात एकेक करून उतरायला लागलं, त्या पडद्यावरच्या ओळींइतकंच हळू. अंगणातल्या दहा मिनिटांत त्याने तिला सांगून टाकलं होतं. अकरावीपासून साखर आहे, दिवसातून दोनदा इंजेक्शन घेतो, तुम्हाला नको असेल तर आत्ताच सांगा, माझ्या चुलत्याला मी काहीतरी सांगेन. आणि हिने हो म्हटलं होतं. फक्त म्हणाली होती, आमच्या घरी हे आबांना मी माझ्या पद्धतीने सांगते, आठ दिवस द्या. ती आपल्या वर्गातल्या, वडील डॉक्टर असलेल्या एका मुलीकडून पुस्तक आणून वाचत होती. आबांना कुठल्या शब्दांत सांगायचं ते वहीत लिहून काढत होती. शिक्षिकाच ती.

"आणि सहाव्या दिवशी तू जिनिंगमध्ये फ्लॉपी लावलीस," ती म्हणाली.

मी विचारलं, तुला कुणी सांगितलं?

"दिवाणजींच्या बायकोनं मला विचारलं, त्यांची लघवी कशी होती गं म्हणून. गावात सगळ्यांना माहीत आहे मामा. फक्त त्यांना माहीत नाही."

नंतर ती जे बोलली ते मी आजवर कुणाला सांगितलं नाही, कारण सांगण्यासारखं नव्हतं. ती रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली की लग्न मोडलं ते मोडलं, त्याचं मी बघेन. पण त्यांना वाटतंय मी घाबरून माघार घेतली आणि तोंडावर खोटं कारण पाठवलं. ते मला चालणार नाही. तू धुळ्याला जा, आणि कसं कळलं ते त्यांना सांग.

मी म्हटलं, पत्र लिहितो. ती म्हणाली, नाही. जा.

दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीने निघालो. पारोळ्याच्या पुढे मनात एक नवीन वाक्य तयार झालं: आबांनी जबरदस्ती केली. धुळ्याच्या स्टँडवर उतरेपर्यंत ते वाक्य चांगलं गुळगुळीत झालं होतं. कॉलेजच्या सायकल स्टँडपाशी मुलगा भेटला आणि ते वाक्य आठवलंच नाही. जे झालं ते सांगत गेलो, डबी, मोडेम, दुपारचे दोन, सगळं. तो माझ्याकडे न बघता कुणाच्यातरी सायकलच्या घंटीला बोट लावून उभा होता. वाजवत नव्हता.

मग त्याने विचारलं, "तिथे कोण कोण होतं?"

मी मोजायला लागलो. आबा, भाऊजी, दिवाणजी, दलाल. थांबलो. मग चहावालाही सांगितला.

"लघवीचाही वाचला?"

"हो."

त्याने मान हलवली. एखादा विद्यार्थी नापास होणार हे आधीच माहीत असतं तशी. मग विचारलं, डॉक्टरांना सांगितलंत? मी म्हटलं, नाही. तो म्हणाला, तिथे तपासून घ्यायला मी एकटाच जात नाही. आधी त्यांना सांगा. आणि वर्ग आहे म्हणून निघून गेला.

डॉक्टरांना सांगितलं. लॅबमध्ये दोन बायका बाटल्या घेऊन बाकावर बसल्या होत्या. डॉक्टरांनी सगळं ऐकलं, उठले, टेबलाच्या मागे वाकले, आणि भिंतीतून टेलिफोनची वायर काढून मोडेमभोवती व्यवस्थित गुंडाळली. मला एकच विचारलं, "आता या बाकावरच्या माणसांना मी काय सांगू?" मोडेम त्यांनी पैसे देऊन घेतलेला होता, तरी माझ्या हातात दिला. रिपोर्ट आता रजिस्टरमध्ये हाताने लिहू, म्हणाले. निघताना मला हात धुवावेसे वाटले. तिथला नळ वापरायची हिंमत झाली नाही.

पुढे पंधरा दिवसांनी, कुणाला न कळवता, तो मुलगा एकटाच जामनेरला आला. चुलता नाही, मध्यस्थ नाही. ही आमच्याकडे न होणारी गोष्ट. मी तिथे होतो कारण अक्काने बोलावलं होतं, शिव्या द्यायला. तशा तिने दिल्याही होत्या. सकाळपासून ताटातली भाकरी माझ्यापुढे सरकवताना दर वेळी एकच, "तुले लाज नाही वाटली का रे भाऊ?" मी प्रत्येक भाकरीबरोबर ते गिळत होतो.

तो ओसरीवर बसला. आबा समोर. जेवायची वेळ झाली होती, आणि घरी आलेल्याला जेवल्याशिवाय जाऊ देत नाहीत, मोडलेल्या सोयरिकीचा असला तरी. ताटं मांडायला सुरुवात झाली. त्याने हातातल्या पिशवीतून छोटा थर्मास काढला, त्यातून बर्फाच्या पाण्यातली बाटली, आणि सुई.

"आबा," तो म्हणाला, "तुम्ही पडद्यावर पाहिलं. आता समोर पाहा."

शर्ट वर केला, पोटाची कातडी चिमटीत धरली, सुई लावली. भाऊजींनी तोंड फिरवलं. आबांनी फिरवलं नाही. त्यांनी डोळे बारीक करून शेवटपर्यंत पाहिलं, गुराला डॉक्टर सुई देतो तेव्हा पाहतात तसं. मी मात्र पाहू शकलो नाही. पडद्यावर पाहताना माझी मान खाली गेली नव्हती.

"रोज?" आबांनी विचारलं.

"दोनदा."

"कोन देतो?"

"मीच."

"दुखते?"

"आता नाही."

भाची दारात उभी होती. आबा तिच्याकडे वळले आणि विचारलं, तुले माहीत होतं का? ती म्हणाली, पहिल्या दिवसापासून. "मग बोलली काऊन नाही?" तिने सांगितलं की आठ दिवस मागितले होते, आठवा दिवस यायच्या आधी तुम्हालाच घाई झाली. घरात तोवर आबांशी अशा आवाजात कुणी बोललं नव्हतं. आबांनी तोंडातला विडा अंगणात थुंकला. मग अक्काला म्हणाले, "वाढ त्याले. सुई घेतल्यावर जास्त येळ उपाशी राहत नाहीत ना?" हे शेवटचं त्यांनी मुलाला विचारलं होतं. मुलगा म्हणाला, नाही राहत. आबा म्हणाले, मग बसा.

एवढंच. माफी कुणी मागितली नाही. आबांना ती येत नव्हती, आणि मी मागितली तेव्हा मुलाने पाण्याचा तांब्या उचलून बाजूला ठेवला, जणू मी काही बोललोच नाही. पण जेवताना अक्काने भाकरी वाढली ती त्याने भाचीला विचारून घेतली, किती खाऊ म्हणून. तिने बोटाने दोन दाखवलं. आबांनी ते पाहिलं.

आखाजीनंतर, म्हणजे अक्षय्य तृतीया झाल्यावर, लग्न झालं. मी अक्षता टाकल्या त्या मागच्या रांगेतून. दलालही जेवायला होता. त्याने मला पंगतीत हाक मारून विचारलं, डबी आणली का? मी ताटावरून उठलो.

धंदा नंतर दोनेक वर्षांत मी सोडला. त्यात मोठेपणा काही नव्हता, तसाही चालत नव्हता. नोकरी लागली, तिथे स्वतःचा एकच कीबोर्ड मिळाला, तो मी रोज पुसतो.

भाची आणि जावई दर आखाजीला जामनेरला येतात. मीही जातो. जावई माझ्याशी चांगलं बोलतात, पाणी पुढे करतात, मुलांना मामा-आजोबांच्या पाया पडायला लावतात. मी दर वेळी ठरवून जातो की या वेळी विचारायचं नाही, आणि दर वेळी तोंडातून निघून जातं, तब्येत कशी आहे?

ते हसून म्हणतात, "तुम्हाला माहीत असेलच, मामा."

अक्का तिकडून ताट सरकवते. मी खाली बघून जेवायला लागतो.